होम, प्रो आणि बाबांची डायरी

परवा ऑफिसात जेवताना एका ज्युनियरनं विचारलं, "घरच्या पीसीवर विंडोज होम आहे. प्रो करून घेऊ का? फरक काय पडतो?" टेबलावर आम्ही सहा जण होतो, सगळे इंजिनियर, त्यामुळे साधारण आठ मतं आली. मी मुकाट्यानं भेंडीची भाजी संपवत होतो. या विषयावर आपण तोंड उघडलं तर लंच अवर पुरणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. आज शनिवार आहे, चहाचा दुसरा कप भरलाय, तर म्हटलं आता सविस्तर सांगू.

सुरुवात जरा मागून करतो. आमच्या पिढीला विंडोजची 'होम' नावाची काही भानगड असते हे बरीच वर्षं माहीतच नव्हतं. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्याच्या होम आणि प्रोफेशनल अशा दोन आवृत्त्या होत्या. पण आपल्याकडे गल्लीतला जो माणूस कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा, त्याच्या पाऊचमध्ये मार्करनं 'एक्सपी प्रो' लिहिलेली एकच सीडी असायची. तिसरीतला मुलगा पेंटमध्ये घर, डोंगर आणि मधोमध सूर्य काढायचा तोही प्रोफेशनल एडिशनवर. याचं कारण मला पुढे नोकरीत कळलं. कंपन्यांना घाऊक लायसनवर मिळणाऱ्या प्रोफेशनलला ॲक्टिव्हेशन लागायचं नाही, म्हणून त्याच्या कॉप्या गावभर झाल्या. होमला तशी घाऊक सोयच नव्हती. थोडक्यात, ज्याला चोरी करायची त्यानं प्रोफेशनल वापरायचं आणि ज्याला विकत घ्यायचं त्यानं होम! असो.

आता चिपळूण. आईबाबा तिथे असतात. बाबांनी ३२ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांच्या नोंदी, कोण कुठे गेला, कोणाची शाखा इंदूरला, कोणाची बडोद्याला, हे सगळं गोळा करून पुस्तक छापायचं. सहा वर्षं पत्रं येत होती, फॉर्म भरून येत होते आणि बाबा एका बोटानं ते कॉम्प्युटरवर टाइप करत होते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. आईबाबा वरच्या बिऱ्हाडात गेले म्हणून वाचले. खाली टेबल, कॉम्प्युटर, पत्रांच्या फायली, सगळं पाण्यात. मी पोचलो तेव्हा कॅबिनेटमधून चिखल निघत होता. हार्ड डिस्क पुण्याला आणली, दोन ठिकाणी दाखवली. काही निघालं नाही. बॅकअप नव्हता. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आणि घरी बॅकअप नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाबा महिनाभर त्या विषयावर बोललेच नाहीत. मग एक दिवस फोन आला, "नवीन मशीन घ्यायचं म्हणतोय. पहिल्यापासून सुरू करतो." त्या दिवाळीत नवीन पीसी असेंबल केला. विंडोज ११ नुकतंच बाजारात आलं होतं. बिलासकट, रीतसर लायसनचं विंडोज ११ होम टाकलं. बाबांनी खुर्ची ओढली आणि मूळ पुरुषापासून पुन्हा टाइप करायला सुरुवात केली.

पुढची दोन वर्षं मी फोनवरचा टेक सपोर्ट होतो.

"बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय?"
"जे नेहमी दिसतं ते."
"खाली उजवीकडे काही आलंय का?"
"खाली उजवीकडे टेबलाचा कोपरा आहे."

रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा नक्की. २०२३ मध्ये मी ठरवलं की बास, आता हे प्रोफेशनली करायचं. होममध्ये रिमोट डेस्कटॉप अर्धाच असतो. त्या मशीनवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, पण दुसऱ्याला आत घेता येत नाही. आत घ्यायचं तर प्रो पाहिजे. झालं. मला कारण मिळालं.

प्रत्यक्ष अपग्रेड हा अगदीच मिळमिळीत प्रकार असतो. लोकांना वाटतं नवीन विंडोज टाकायचं, फॉरमॅट, डेटा जाणार वगैरे. तसं काही नसतं. प्रोचं सगळं सामान होमच्या आतच पडलेलं असतं, त्याला फक्त कुलूप असतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन, तिथे एडिशन अपग्रेड. स्टोअरमधून लायसन घ्या नाहीतर की टाका, एकदा रीस्टार्ट, संपलं. फायली, प्रोग्रॅम जागच्या जागी. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. नेटवर चार-पाचशे रुपयांत प्रोच्या 'ओरिजिनल' किया मिळतात त्यांच्या नादी लागू नका. त्या बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसनमधून बाहेर आलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. दुसरं म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. प्रोवरून होमवर परत यायचं तर विंडोज नव्यानं टाकावं लागतं.

तर अपग्रेड झालं आणि माझ्या अंगात आमच्या ऑफिसचा आयटी विभाग शिरला.

पहिल्यांदा रिमोट डेस्कटॉप. (ते करताना राउटरवर ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडा ठेवायचा मूर्खपणा करू नका. मी आधी व्हीपीएन लावलं आणि त्यातून आत गेलो.) मग ग्रुप पॉलिसी. हा एडिटर होममध्ये नसतो. त्यात शेकडो सेटिंग्ज असतात, वापरणाऱ्यानं काय करायचं आणि काय नाही ते ठरवणाऱ्या. बाबांनी काहीतरी दाबून ठेवू नये म्हणून मी कंट्रोल पॅनेल आणि सेटिंग्ज दोन्ही बंद करून टाकली. आणि शेवटी बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट. तेव्हा माझं म्हणणं होतं की यात दोन हजार माणसांच्या जन्मतारखा आणि मोबाइल नंबर आहेत, उद्या मशीन चोरीला गेलं तर? म्हणणं चूक नव्हतं.

बिटलॉकर चालू करताना विंडोज विचारतं, रिकव्हरी की कुठे ठेवू? काही बिनसलं तर डिस्क उघडायची ही किल्ली. ४८ अंकांची, सहा-सहा अंकांचे आठ गट. बाबांचं लॉगिन मी लोकल ठेवलं होतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंट नव्हतंच. प्रिंटरची शाई वाळलेली. मी फाइल पेन ड्राइव्हवर टाकली.

बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "किल्ली कुठे ठेवलीस?"

"पेन ड्राइव्हवर. माझ्याकडे राहील."

"कुलूप माझ्या घरात आणि किल्ली पुण्यात?" त्यांनी कपाटातून डायरी काढली. "वाच. मी लिहून घेतो."

ही डायरी म्हणजे गॅसचा ग्राहक क्रमांक, लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक, सगळ्यांचे रक्तगट, कुठल्या वर्षी कुठल्या आंब्याला किती फळ धरलं, असं सगळं. पुरानंतर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतात. मला पुण्याची गाडी पकडायची होती. मी ४८ आकडे भराभरा वाचले, ते लिहीत गेले. नेहमीप्रमाणे मराठी आकड्यांत. "आता मी वाचतो, तू ताडून बघ," म्हणाले. मी मोबाइलवर मेसेज बघत "हो, हो, बरोबर" म्हणत राहिलो.

पुढचं वर्ष मजेत गेलं. म्हणजे माझं. पुण्यात खुर्चीत बसून मी चिपळूणच्या मशीनवर अपडेट टाकायचो, जागा मोकळी करायचो, फाँट नीट करायचो. बाबांची मात्र एकच तक्रार असायची, "तू आत आलास की मी बाहेर." आणि ती खरी होती. प्रो एका वेळी एकाच माणसाला बसू देतं. मी रिमोटनं आत गेलो की समोर बसलेल्याच्या स्क्रीनला कुलूप. मी काय करतोय हे बाबांना दिसायचंसुद्धा नाही. एकदा ते म्हणाले, "माउसचा बाण मोठा करायचाय, दिसत नाही नीट. पण ते पान उघडतच नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा म्हणतंय. हा कुठे बसतो?"

मी हसलो होतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर मला वॉलपेपर बदलता येत नाही म्हणून मी आयटीवाल्यांना वर्षभर शिव्या घालत होतो, आणि घरी तेच राज्य मी वडिलांवर चालवत होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

जुलै २०२४. शुक्रवार संध्याकाळ, मी डेमोमध्ये. आईचे लागोपाठ तीन मिस्ड कॉल. बाहेर येऊन फोन केला. चार दिवस धो धो पाऊस, लाइटची ये-जा, आणि सकाळपासून पीसी चालू होतोय पण डिस्प्ले येत नव्हता. त्यांनी दुकानातल्या मुलाला बोलावलं होतं. त्यानं आपल्याकडचा सर्वमान्य इलाज केला. रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली, आणि जाता जाता मदरबोर्डवरचा सेलही काढून घातला. डिस्प्ले आला! पण विंडोज येईना. निळा पडदा आणि त्यावर ४८ अंकांची मागणी.

झालं होतं असं. बिटलॉकरची रोजची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा यंत्रणेत असते. चालू होताना मशीन कालच्यासारखंच आहे का हे ती तपासते. जुन्या सोसायटीच्या वॉचमनसारखी. तुम्ही टोपी बदलून आलात तरी दारात अडवणार. सेल काढल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर गेली, चेहरा बदलला, वॉचमननं दार बंद केलं. आणि अशा वेळी माझा लाडका रिमोट डेस्कटॉप शून्य उपयोगाचा, कारण विंडोज सुरूच झालेलं नाही तर आत जाणार कुठे?

फोनवर मागून त्या मुलाचा आवाज आला, "सर, फॉरमॅट मारावा लागेल."

"त्याला हात लावू देऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की कॉरिडॉरमधली दोन माणसं थांबली.

मग मला पेन ड्राइव्ह आठवला. तो माझ्या ड्रॉवरमध्येच होता. आणि त्यावर मे महिन्यात मी एका मित्रासाठी विंडोजचा बूटेबल सेटअप बनवला होता. बूटेबल करताना पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. हे मला माहीत आहे. मी लोकांना सांगतो.

मेल शोधली, क्लाउड शोधला, फोन शोधला. कुठेही नाही. शेवटचा बॅकअप मी पाडव्याला घेतला होता. त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत बाबांनी इंदूरची सगळी शाखा टाइप केली होती. त्यासाठी ज्या आजींशी ते फोनवर बोलले होते त्या मेमध्ये गेल्या. ते पुन्हा कोणाला विचारणार? माझ्याच हातानं मी दुसरा पूर आणला होता, आणि यावेळी पाण्याला नावं ठेवायची सोय नव्हती.

मी फोनवर नुसता गप्प.

"काय मागतंय ते?" बाबांनी विचारलं.

"किल्ली. अठ्ठेचाळीस आकड्यांची. बाबा, माझ्याकडून ती…"

"ती ना? आहे की माझ्याकडे. थांब, स्टूल घेतो."

मी कॉरिडॉरमध्ये खिडकीशी उभा. तिकडे पिशवीचा आवाज, पानांचा आवाज. मग बाबा कीबोर्डवर एकेक आकडा दाबायला लागले. उजवीकडच्या आकड्यांनी काही उमटेना, नमलॉक बंद होता, वरच्या ओळीतले दाबायला सांगितले. आठ गट झाले. एंटर. पडदा जागचा हलला नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नाही.

"डायरीला ओल लागलीय," बाबा म्हणाले. "आणि तू घाईत वाचत होतास, माझं अक्षरही घाईचं आहे. कुठलातरी आकडा चुकतोय. पण कुठला?"

तेव्हा मला कधीतरी वाचलेली एक गोष्ट आठवली. या किल्लीचा प्रत्येक सहा अंकी गट ११ नं भागला जातो. मुद्दाम तसा बनवलेला असतो. शून्य ते ६५५३५ मधली एक संख्या घ्यायची, तिला ११ नं गुणायचं, तो एक गट. असे आठ. म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तरी तो गट लगेच पकडता येतो. मी बाबांना म्हटलं, "थांबा, मी कॅल्क्युलेटर उघडतो, तुम्ही एकेक गट सांगा."

"अकरानं भाग जातो? मग कॅल्क्युलेटर कशाला?" बाबांचा आवाजच बदलला. शाळेतला आवाज. "विषम स्थानचे अंक एकीकडे, सम स्थानचे दुसरीकडे. बेरजांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत. सातवी-आठवीच्या पोरांना येतं ते."

दोन मिनिटांत आठही गट तोंडी तपासले. सात बरोबर, सहावा चूक. (खरा गट इथे देत नाही, एवढा तरी मी प्रोफेशनल आहे. उदाहरण म्हणून दुसरा घेऊ.) समजा २५४१३६. "दोन, चार, तीन, नऊ. पाच, एक, सहा, बारा. फरक तीन. नाही बसत. आता यात संशयाचा कुठला? हा एक. याचं शेपूट पुसलंय, हा नऊ असणार. पाच, नऊ, सहा, वीस. वीसातून नऊ गेले, अकरा. बसला!"

एंटर.

फोनवरून विंडोज चालू झाल्याचा टुणुक् आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, "उघडलं गं बाई." दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, हे अकराचं मला पण शिकवा."

मी घाईघाईनं वर माझ्या जागेवर गेलो आणि रिमोटनं आत शिरलो, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करायला, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला परत तेच. तेवढ्यात बाबांचा फोन. "अरे, आत्ता कुठे उघडलं आणि परत कुलूप?"

"मी आलोय आत, बाबा."

"हो, म्हणजे मी बाहेर."

त्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून कुंभार्ली घाटातून घरी गेलो. बायोसची सेटिंग्ज नीट केली, बिटलॉकर परत चालू केलं. संपूर्ण बॅकअप घेतला, आणि आठवड्याला आपोआप होईल असा लावला. किल्ली तीन ठिकाणी ठेवली. कंट्रोल पॅनेलवरची बंदी उठवली. बाबांनी सगळ्यात आधी माउसचा बाण मोठा केला, एवढा मोठा की पलंगावरून दिसावा. आणि रिमोट डेस्कटॉपऐवजी क्विक असिस्ट वापरायला लागलो. त्यात स्क्रीन दोघांना दिसतो, बाबा बघतात, मधेच "ते काय केलंस?" विचारतात आणि पुढच्या वेळी स्वतः करतात. हे क्विक असिस्ट विंडोज ११ होममध्येही फुकट येतं. म्हणजे ज्या कारणासाठी मी प्रो घेतलं, ते कारण होमवरच भागत होतं.

तर ज्युनियरला माझं उत्तर. प्रोमध्ये जास्तीचं जे मिळतं, रिमोट डेस्कटॉपनं आत येणं, ग्रुप पॉलिसी, कंपनीच्या डोमेनला जोडणं, ते बहुतेक सगळं मशीनसमोर न बसणाऱ्या माणसासाठी असतं. दुरून चालवणाऱ्यासाठी, बंदोबस्त ठेवणाऱ्यासाठी. तुला स्वतःला हायपर-व्हीवर व्हर्च्युअल मशीन चालवायचं असेल, नवीन काही आधी सँडबॉक्समध्ये उघडून बघायचं असेल, बिटलॉकर आपल्या मनासारखं लावायचं असेल, तर जरूर घे, पैसे वसूल होतील. पण घरच्यांच्या मशीनवर टाकणार असशील तर आधी विचार, तिथे कोण बसतं आणि हे हवंय कोणाला? मला हवं होतं. बाबांना बाण मोठा हवा होता.

आणि एक. आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपवर होम असलं तरी डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याची किल्ली सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाते. सहसा. परवा फोनवर बाबांनी सहज विचारलं, "तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपची किल्ली कुठे आहे रे?" मी म्हटलं, अकाउंटमध्ये असेल की. "असेल?" ते म्हणाले.

फोन ठेवून बघितलं. होती. तरी एका वहीत उतरवून काढली, आठही गट अकरानं तपासले, आणि ९ ची शेपटं नीट काढली.

शनिवार आहे. तुम्हीही बघून घ्या.